मनी, पिसवा आणि माझं ‘घरगुती’ औषध

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



कमिटीने मला बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की हा पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, हा मुदत ठेवी नाहीतर वारस नोंदणीवर बोलणार. त्या विषयांवर मी याच गच्चीवर दोनदा बोललो आहे, आणि दोन्ही वेळा मागच्या रांगेतली मंडळी डुलक्या घेत होती हे मी इथून पाहिलं आहे. म्हणून आज विषय मांजराचा. मांजराच्या अंगावरच्या पिसवांचा, आणि त्या घालवायला मी केलेल्या एका मोठ्या चुकीचा.

मनीला आपण सगळे ओळखता. करड्या रंगाची, पाठीवर पांढरा ठिपका असलेली, दुपारी मीटर रूमच्या पायरीवर बसलेली असते ती. तो ठिपका तिला जन्मापासून नव्हता. तो माझ्यामुळे आला आहे. तो कसा आला तेच आज सांगायचं आहे.

मी काही मांजरप्रेमी नव्हे. मांजराचं वेड आमच्या सौभाग्यवतींना. पार्किंगमध्ये सापडलेलं हे पिल्लू त्यांनी वर आणलं, दूधभात घातला आणि नाव ठेवलं. त्या गेल्या. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तेव्हा मनी त्यांच्या पलंगाखालून हलायला तयार नव्हती. त्या दिवसापासून ती माझ्याकडे आली म्हणा, किंवा मी तिच्याकडे गेलो म्हणा. एकटा माणूस आणि एक मांजर, असा आमचा संसार चालू आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आपल्याकडे पिसवा झाल्या होत्या, आठवतं ना? बी विंगच्या जिन्यात पाय ठेवला की घोट्याला चावे. एका लहान मुलीचे पाय तर लाल पुरळाने भरून गेले. तिच्या आईने मीटिंगमध्ये तिचे फोटो दाखवले आणि साहजिकच आवाज चढवला. मग सूचना आली की सगळी मांजरं पोत्यात घालून लांब सोडून यावीत. सात-आठ हात वर झालेही. मी उठून म्हणालो, “मला आठ दिवस द्या. काही विषारी फवारा न मारता, अगदी नैसर्गिक पद्धतीने पिसवा घालवून दाखवतो.” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाची अक्कल थोडी कमी होते, हा बँकेतला जुना अनुभव. पण तो त्या वेळी आठवला नाही.

माझं शास्त्र काय होतं? आपल्या सगळ्यांच्या घरात असतं तेच. कडुनिंब कीड मारतो, कापूर कीड पळवतो, निलगिरीच्या वासाला डास येत नाहीत. बाजारातून कडुनिंबाचं तेल आणलं. दुकानदाराने ‘टी ट्री ऑईल’ नावाची छोटी बाटली दिली. म्हणाला, ऑस्ट्रेलियातलं झाड आहे, शंभर टक्के नैसर्गिक, त्वचेला एकदम उत्तम. त्यात निलगिरीचं तेल आणि कुटलेला कापूर घातला, खोबरेलात कालवलं आणि संध्याकाळी पाच वाजता मनीच्या मानेपासून शेपटीपर्यंत चांगलं चोळून लावलं. थोडं कमी वाटलं म्हणून आणखी लावलं.

आठच्या सुमाराला तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मला वाटलं, कडुनिंब कडू, चाटलं असेल. नऊ वाजता तिचे मागचे पाय लटपटायला लागले. ती वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन थरथरत बसली. मी एका दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “काका, अंगाला काही लावलंय का?”

मी म्हणालो, “नाही हो, काही नाही. फक्त घरगुती.”

मंडळी, आजच्या भाषणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या डोक्यात औषध म्हणजे कंपनीचं. घरी कालवलेलं ते औषधच नव्हे. त्या बाई म्हणाल्या, मग उलटी होते का बघा, नाही बरं वाटलं तर सकाळी घेऊन या. या एका शब्दाने आमचा तास-दीड तास गेला.

साडेदहाला बेल वाजली. दारात त्याच मुलीची आई. मीटिंगमध्ये आवाज चढल्याबद्दल दोन शब्द बोलायला आल्या होत्या. दार उघडताच त्यांनी नाकाला पदर लावला. “काका, हा वास कसला?” त्यांनी मनीला पाहिलं, मला काही बोलू दिलं नाही, तिला टॉवेलात गुंडाळलं आणि आपल्या गाडीतून, भर पावसात, मला आणि मनीला दवाखान्यात नेलं. त्यांच्या मुलीच्या पायाला चावे होते ते ज्या मांजरामुळे असं त्या समजत होत्या, त्याच मांजराला.

डॉक्टरीणबाईंनाही दारातच वास आला. “काका, हे फोनवर का नाही सांगितलंत?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यांनी मनीला कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाने दोनदा धुतलं, कोरडं केलं, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवलं, सलाईन लावलं. तिच्या अंगातलं तापमान खाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःहून उभी राहिली. पण पाठीची कातडी लाल, तापलेली. चार दिवसांत तिथले केस मूठभर निघाले आणि खाली सोललेल्या गुडघ्यासारखी जखम दिसली. तीन आठवडे गळ्यात लाऊडस्पीकरच्या कर्ण्यासारखी प्लॅस्टिकची कॉलर. केस परत आले ते पांढरे. तो तो ठिपका.

बँकेत मला एक सवय लागली. चूक झाली की नुसतं हळहळायचं नाही, व्हाउचर काढून बघायचं, कुठे चुकलं. मी डॉक्टरीणबाईंच्या मागे लागलो आणि त्यांनी मला समजावून सांगितलं, वाचायला कागदही दिले. ते माझ्या भाषेत सांगतो.

मुळात झाडं सुवासिक तेलं करतात ती आपल्यासाठी नाही. किडे-बुरशी जवळ येऊ नयेत म्हणून झाडाने केलेली ती स्वतःची रसायनं आहेत. कीड मरते ती त्यातल्या विषारीपणामुळेच. आपल्या पोटात किंवा कातडीतून अंगात असलं काही गेलं की लिव्हर त्याला एक पदार्थ जोडून देतं. त्याचं नाव ग्लुक्युरॉनिक आम्ल. तो जोडला की विष पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे बाहेर जातं. समजा, लिव्हरमध्ये या कामाचं एक काउंटर आहे. माणसाचं हे काउंटर जोरात चालतं. मांजराचं जवळजवळ बंद. त्या कामाला लागणारी एक महत्त्वाची जनुकच मांजरात निकामी झालेली आहे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. पाला, बिया, सालं खायची नाहीत, म्हणून झाडांची रसायनं निस्तरायची गरजही फार पडली नाही, असं शास्त्रज्ञ म्हणतात. म्हणून तर आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. घरात मांजर असेल त्यांनी एवढं तरी आजच लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे मांजर चाटतं. जागेपणीचा केवढा तरी वेळ ते अंग चाटण्यात घालवतं. मांजराच्या अंगाला लावलेलं औषध हे मांजराने खाल्लेलंच औषध. कातडीतून थोडं, तोंडातून बाकीचं, अशी दोन्हीकडून वसुली.

तिसरं, कातडीचं. ही तेलं कातडीवर दोन प्रकारांनी त्रास देतात. एक म्हणजे सरळ भाजल्यासारखं होतं. तेल दाट असेल, कातडी खाजवून ओरखडलेली असेल तर काही तासांत ती लाल होते आणि सोलते. पिसवा झालेलं मांजर खाजवून खाजवून आधीच ओरखडलेलं असतं, हे मी विसरलो. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. तो पहिल्या वेळी दिसेलच असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दिसतो. आणि एक गोष्ट मला नवीन होती. या तेलांची बाटली उघडून बरेच दिवस झाले की हवेने आतली द्रव्यं बदलतात आणि ॲलर्जी जास्त करतात. म्हणजे कपाटातली जुनी बाटली ताज्या बाटलीपेक्षा वाईट.

मी एकटाच शहाणा नव्हतो, हेही कागदांतून कळलं. १९९८ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी तीन अंगोरा मांजरांची हकिगत छापली. पिसवा फार झाल्या म्हणून मालकांनी त्यांचे केस काढले आणि तिघांना मिळून ६० मिलिलिटर टी ट्री तेल, काही न मिसळता, लावलं. काही तासांत त्या मांजरांत कुणी गार पडलं, कुणी झोकांड्या खायला लागलं, कुणी थरथरायला लागलं. तिसऱ्या दिवशी एक गेलं. २०१४ साली तिथल्याच लोकांनी २००२ ते २०१२ या काळातल्या, याच तेलाने बाधलेल्या ४४३ कुत्र्या-मांजरांच्या नोंदी तपासल्या. बहुतेकांना तेल चुकून लागलेलं नव्हतं. मालकांनी मुद्दाम, चांगल्या हेतूने लावलं होतं. आणखी एक कागद आहे २०१२ चा. तो ‘नैसर्गिक’ म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या पिसवांच्या औषधांचा. पुदिना, दालचिनी, लवंग, गवती चहा असल्या तेलांची ती औषधं. तक्रारी आलेल्या ४८ जनावरांत ३९ मांजरं होती. ४८ पैकी ४४ जणांना त्रास झाला होता, आणि बऱ्याच जणांनी बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच औषध वापरलं होतं. आता मी आकड्यांचा माणूस, म्हणून लगेच सांगतो, हे आकडे तक्रार करणाऱ्यांचे आहेत. ज्यांना काही झालं नाही ते फोन करत नाहीत. तेव्हा शंभरातल्या ब्याण्णव मांजरांना त्रास होतोच, असा याचा अर्थ काढू नका. पण ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे जामीन नव्हे, एवढं त्यातून नक्की सिद्ध होतं.

आता आपल्या घरातली यादी. टी ट्री, निलगिरी, लवंग, पुदिना, सिट्रोनेला, लिंबा-संत्र्याच्या सालीचं तेल, कापूर ही मांजराच्या अंगाला लावायची नाहीत. कडुनिंबाबद्दल आपल्याला फार जिव्हाळा. पाडव्याला आपण तो खातो. पण पानं वेगळी आणि बियांचं दाट तेल वेगळं. त्या तेलानेही मांजरांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. उवांवर सीताफळाच्या बियांची पूड लावायची आपल्याकडे चाल आहे. ती डोळ्यांत गेली तर माणसाच्याच डोळ्यांना मोठी इजा होते, मग मांजराचं काय घेऊन बसलात! रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या यांचं नावच काढू नका. काही जण पिसवा पळाव्यात म्हणून जेवणात लसूण घालतात. लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी कंपन्यांची जाहिरात करतोय असं वाटेल. दुकानातलं औषध आंधळेपणाने घेऊ नका. शेवंतीच्या जातीच्या एका फुलापासून कीटकनाशक निघतं, आणि त्याच कुळातलं, कारखान्यात केलेलं परमेथ्रिन कुत्र्यांच्या काही औषधांत असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्याने झटके येतात, मरणही येतं. तेव्हा ‘कुत्र्याचं आहे, थोडं कमी लावतो’ हा हिशोब अजिबात करू नका. मांजरासाठी म्हणून असलेलं, त्याच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेलं, एवढंच.

मग पिसवांचं काय? मीटिंगमधला प्रश्न तर तोच होता. तर ऐका. पिसूची मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. अंडी मांजराच्या अंगावर राहत नाहीत, खाली गळतात. पायपुसण्यात, फरशीच्या फटीत, जिन्याच्या कोपऱ्यात अळ्या होतात, मग कोश. कोशातली पिसू महिनोन् महिने थांबते आणि पावलांचा धक्का, अंगाची ऊब जाणवली की बाहेर उडी मारते. महिनाभर बंद असलेला फ्लॅट उघडला की चावे सुरू होतात ते यामुळे. आपल्याला अंगावर दिसतात त्या पिसवा साधारण शंभरातल्या पाच. पंच्याण्णव इमारतीत. आता सांगा, मांजरं पोत्यात घालून नेली असती तर काय झालं असतं? पाच गेल्या असत्या आणि पंच्याण्णव उपाशी राहून आपल्यालाच चावल्या असत्या.

आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे, पण स्मरणिकेत नोंद राहावी म्हणून सांगतो. मनीची जखम पूर्ण भरल्यावर तिला आणि आवारातल्या बाकीच्या चार मांजरांना डॉक्टरांनी मानेवर टाकायचं औषध दिलं, दर महिन्याला, तीन महिने. वर्गणी काढली. सगळ्यात पहिली पाकीट आलं ते बी विंगमधून, त्या मुलीच्या आईकडून. जिन्यातली पायपुसणी उकळत्या पाण्यातून काढली. मीटर रूम आणि जिन्याखालची अडगळ, जी पंचवीस वर्षांत तीन सेक्रेटरींना हलवता आली नव्हती, ती हलली. व्हॅक्युम क्लीनर ज्यांच्याकडे होता त्यांनी एक दिवसाआड जिना केला. पहिल्या महिन्यात फरक दिसेना, तेव्हा पुन्हा पोत्याची भाषा सुरू झाली होती. पण कोश फुटत राहणार, थांबा, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. गणपती बसले तोवर चावे बंद झाले होते.

ज्यांना औषधच नको त्यांच्यासाठी खरोखर घरगुती असा एक उपाय आहे. बारीक दातांची फणी. रोज मांजर विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. फणीत काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर रंग येणार नाही. या फणीने मांजराला इजा होत नाही. लागते फक्त चिकाटी, आणि ती आम्हा निवृत्त लोकांकडे भरपूर असते.

शेवटी, कुणाकडून माझ्यासारखी चूक झालीच तर काय करायचं ते सांगतो. आधी मांजराला चाटू देऊ नका. टॉवेलात गुंडाळा. ते शुद्धीवर आणि शांत असेल तर कोमट पाण्याने, सौम्य साबणाने तेल धुऊन काढा, पुसून कोरडं करा, उबेत ठेवा. उलटी काढायला जाऊ नका. माणसांचं मलम लावू नका, तेही ते चाटणारच. लाळ, थरथर, झोकांड्या यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि बाटली बरोबर न्या. औषध लावलेल्या जागीच कातडी लाल असेल तर संशय औषधावर. शेपटीच्या मुळाशी, मानेवर बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या असतील तर बहुधा पिसूच्या लाळेची ॲलर्जी. पण हा फरक डॉक्टरांना करू द्या. आपण फक्त खरं ते सांगायचं.

मी त्या रात्री फोनवर नीट सांगितलं असतं तर मनीचे एवढे हाल झाले नसते. डॉक्टर, मग ते जनावरांचे असोत की आपले, विचारतात “काही घेतलं का, काही लावलं का”, तेव्हा काढा, चूर्ण, लेप, तेल, सगळं सांगा. आपल्या वयाच्या मंडळींना हे विशेष करून सांगतो. आपण रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर काय काय घरगुती घेतो आणि डॉक्टरांना ‘काही नाही’ म्हणतो, हे आपलं आपल्याला माहीत आहे. मनीला बोलता येत नव्हतं. तिच्या वतीने मी बोलायला हवं होतं आणि मी ‘काही नाही’ म्हणालो.

सौभाग्यवती असत्या तर त्यांनी मला ते तेल लावूच दिलं नसतं. त्या आधी विचारायच्या आणि मग करायच्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले, स्वतःचा एक तपासायचा राहिला.

बी विंगमधल्या त्या मुलीला मांजराची भीती होती. आता ती शाळेतून आली की मीटर रूमच्या पायरीवर मनीला फणी करते. पाठीवरच्या ठिपक्यापाशी आली की हात हलका करते. तिला कुणी सांगितलं नव्हतं.